शेवळांचं देणं

आमच्याकडची शेवळं म्हणजे सासूबाईंच्या हातची चव, असं नात्यागोत्यात सगळे म्हणतात. पहिला घास घेऊन ‘अगदी वहिनीच्या हातची’ म्हणत मान डोलावणारी वडीलधारी माणसं मी कितीदा पाहिली आहेत. सासूबाईंना मात्र मी पाहिलेलं नाही. १९८६ साली लग्न होऊन मी पनवेलला आले, त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. पाककृतींची वही त्यांनी ठेवली नव्हती, आणि घरात शिकवायला नणंदही नव्हती. तरी ती चव माझ्या हातात आली. कुठून आली, हे सांगायचं तर मागच्या दाराशी येणाऱ्या एका कातकरी बाईबद्दल सांगायला हवं.

ज्यांनी शेवळं कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं शेवळांविषयी. ही सुरणाच्या कुळातली रानवनस्पती, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. मेअखेरीस वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की डोंगरउतारावर तिचे कोंब दिसू लागतात. पान नाही, पालवी नाही, जमिनीतून थेट तपकिरी-जांभळा, टोकदार कोंब वर येतो. तो तिचा फुलोरा. उमलला की त्याला कुजक्या मांसासारखा वास येतो, त्या वासावर माश्या आणि भुंगे जमतात आणि परागीभवनाचं काम होतं. सुमात्रा बेटावरचं टायटन अरम, ज्याचा अजस्र फुलोरा पाहायला ठिकठिकाणच्या वनस्पती उद्यानांत लोक रांगा लावतात, ते हिचंच भावंड. जपानी लोक ज्या कंदापासून कोन्याकू नावाची लिबलिबीत वडी करतात, तोही याच कुळातला. शेवळं खायची ती उमलण्याआधी. आणि नीट न निवडता, नीट न शिजवता तोंडात गेली तर घशात सुया टोचल्यासारखं होतं. सुया हा नुसता बोलण्याचा प्रकार नाही. या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते खरोखरच जिभेत आणि घशात रुततात.

त्यामुळे शेवळांच्या बाबतीत मधला मार्ग नाही. ठाणे, रायगड, पालघरकडचे आदिवासी, आगरी, आम्ही सीकेपी आणि पाठारे प्रभू वर्षभर त्यांची वाट पाहतो. घाटावरच्या माणसाला बहुतेक नावही ठाऊक नसतं. आणि एकदा ज्याचा घसा धरला, तो जन्मात पुन्हा ताटात घेत नाही. माझ्या धाकट्या जावेने एकदाच खाल्ली होती, तीही लग्नाआधी कुणा मैत्रिणीकडे. आजही शेवळं चिरायला घेतली की ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

माझं माहेर बडोद्याचं. गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेली जी सीकेपी घरं, त्यांतलंच एक. आजी मात्र मूळची पेणची. जून लागला की भाजीवाल्याकडून गवार-भेंडी घेताना तिचा जीव कळवळायचा. ‘पेणला आता शेवळं आली असतील,’ म्हणायची. आम्हा नातवंडांना ती शेवळांचं वर्णन करून सांगायची, आणि आम्हाला ती एखाद्या गोष्टीतली वस्तू वाटायची. सोडे, वालाचं बिरडं बडोद्यालाही पोचत होतं. शेवळं पोचत नव्हती. ती काढल्यावर फार टिकत नाहीत, आणि बडोद्यात त्यांचं कुणाला काय होतं? पनवेलचं स्थळ आलं तेव्हा आजीला मुलाच्या नोकरीपेक्षा गावाचा आनंद जास्त झाला होता.

तेव्हाचं पनवेल अजून वाड्यांचं आणि विहिरींचं होतं. आमच्या घराला मागे पडवी होती, पडवीपुढे परसू आणि परसाला एक लहान दार. मिरगाच्या तोंडावर एका सकाळी त्या दाराची कडी वाजली. दारात ठेंगणी, काटक बाई. डोक्यावर पाटी, पाटीत सागाच्या पानांनी झाकलेल्या जुड्या. माझ्याकडे तिने पाहिलं आणि विचारलं, ‘मोठी बाई गेली ना? मग आता घेनार कोन?’

‘मी घेईन,’ मी म्हटलं.

‘तुला येतंय का?’

येत नव्हतं. तसं सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली, पडवीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘विली घेऊन ये.’

ती सगळ्यांनाच अगं-तुगं करी, मीही तिला तसंच बोलू लागले. तिला बाय म्हणायचे. तिची वाडी माथेरानच्या पायथ्याला, धोदाणीच्या अंगाला. पहाटे डोंगर चढून शेवळं काढायची, मग एसटीने पनवेल. काही जुड्या बाजारात बसून विकायची आणि काही ठरलेल्या घरांसाठी बाजूला ठेवायची. आमचं घर त्या ठरलेल्यांतलं.

त्या दिवशी तिने मला जे दाखवलं ते आजही माझ्या हातांना पाठ आहे. आधी हाताला तेल चोळायचं. कोंबाची बाहेरची राठ पानं सोलून टाकायची. आतलं कोवळं, गुलाबीसर आवरण उलगडलं की मधे दांडा दिसतो. त्या दांड्यावर एका जागी पिवळे दाणे गच्च बसलेले असतात. तिने नखाने तो भाग दाखवला. ‘हा पिवला कुठं राह्यला नाय पायजे. हाच गल्यात धरतो.’ तेवढा तुकडा कापून ती परसातल्या आळ्यात टाकायची, गुरांच्या तोंडाला लागेल अशा जागी नाही. उरलेलं अगदी बारीक चिरायचं. मी चिरलेलं तिने चिमटीत धरून पाहिलं आणि परत दिलं. ‘आजून.’

मग काकडं. शेवळांच्या जुडीबरोबर काकडांचा वाटा असतोच. काकड हे रानातलं मोठं झाड, त्याची हिरवी फळं लहान आवळ्याएवढी, चवीला आंबट-तुरट. ही फळं बरोबर शेवळांच्याच दिवसांत येतात. ती ठेचायची, पाण्यात उकळायची, बिया काढायच्या आणि तो आंबट रस शेवळांत घालायचा. काकडं मिळाली नाहीत तर चिंच किंवा आमसूल चालतं असं लोक म्हणतात, मीही एखाद्या वर्षी करून पाहिलं आहे. खाज जाते, पण काकडांचा तो तुरटपणा मागे जे ठेवून जातो ते चिंचेला जमत नाही. बायने चिंचेचं नाव काढू दिलं नाही.

चूल, म्हणजे तेव्हाचा आमचा घासलेटचा स्टोव्ह, तिने पडवीत आणायला लावला. घरात ये म्हटलं तर ती आली नाही. सासूबाईंच्या काळात तिला कुणी आत बोलावलं नव्हतं, आणि आता बोलावलं म्हणून ती पायरी ओलांडायला तयार नव्हती. तेव्हा पायरीवर ती, पडवीत मी, आणि मधे स्टोव्ह. कढईत तेल जास्त घालायला लावलं. शेवळं परतत राहायला सांगितलं. त्यांचा रंग गुलाबीवरून मातकट झाला, मग तपकिरी, मग त्यांचं पाणी आटून कडेने तेल सुटलं. त्यानंतर काकडांचा रस. तो आटत आला तेव्हा तिने डावाच्या टोकावर कणभर घेऊन फुंकलं, जिभेच्या शेंड्यावर ठेवलं आणि हात वर करून मला गप्प केलं. खाज लगेच कळत नाही, ती मागाहून येते. बराच वेळ ती परसातल्या पेरूकडे बघत बसली होती. मग म्हणाली, ‘झालं. आता तुमचं घाल.’

तुमचं म्हणजे काय, ते मला कुठे माहीत होतं? तेही तिनेच सांगितलं. मोठी बाई सोडे आधी कोरडे भाजून मग भिजवायची. खोबरं तांबूस करायची, लाल नाही. कांदा खोबऱ्याहून कमी. लसूण वाटणात नाही, फोडणीत ठेचून. शेवटी नारळाचं दूध, आणि दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही. तिच्या स्वतःच्या घरी यातलं काहीच नसतं. ती शेवळं काकडांच्या रसात शिजवते, मीठ-मिरची घालते, फार तर मूठभर सुकट, आणि नाचणीच्या भाकरीबरोबर खाते. मग आमच्या कढईतला नारळ आणि सोडे तिला इतके बारकाईने कसे ठाऊक?

त्याचं असं होतं. दरवर्षी पहिल्या जुडीची भाजी झाली की सासूबाई एक वाटी झाकून ठेवत आणि पुढच्या खेपेला ती आली की तिला देत. नुसती देत नसत, विचारत. कसं झालंय? काय कमी आहे? ती सांगायची आणि सासूबाई ऐकायच्या. एका वर्षी तिने खोबरं फार भाजलंय म्हणून सांगितलं, तेव्हापासून ते तांबूस झालं. कितीतरी पावसाळे हे असं चाललं होतं. घरातल्या कुणालाही याचा पत्ता नव्हता, कारण पुरुषांचा मागच्या दाराशी कधी संबंध आला नाही. ज्या भाजीला सगळे सासूबाईंची म्हणत होते, ती त्या दोघींनी पायरीच्या दोन बाजूंना बसून घडवली होती.

त्या रात्री सासऱ्यांनी, घरात सगळे त्यांना भाऊ म्हणत, भात कालवला, एक घास घेतला आणि हात थांबवला. काही बोलले नाहीत. पुन्हा वाढ म्हणून ताट पुढे केलं. चार दिवसांनी बाय परत आली तेव्हा भाऊ स्वतः उठून पडवीत गेले. तिच्याशी ते आयुष्यात पहिल्यांदा बोलत असावेत. म्हणाले, ‘तू होतीस म्हणून घरात चव राहिली.’ बायने पदर तोंडाला लावला आणि जुड्या मोजायला लागली.

शेवळांचे दिवस तीन-चार आठवड्यांचे. पुढे त्याच कंदाला पान फुटतं, त्या कोवळ्या पानाची भाजी म्हणजे लोत. तीही तिनेच आणली. मग टाकळा, कुलू, भारंगी, कोवळ्या बांबूचे वास्ते, करटोली. प्रत्येकाची काहीतरी खोड असते, आणि ती मोडायची रीत तिच्याकडे असायची. वास्ते भिजत घाल आणि पाणी फेक. भारंगीचा पाला उकडून पिळ. कुलूच्या मधला टणक दांडा काढून टाक. बडोद्याहून आलेल्या मुलीला या मुलखातला पावसाळा जेवायला तिने शिकवला, असं मी म्हणते, आणि त्यात काडीची अतिशयोक्ती नाही.

आमच्या शेजारच्या एका बाईंना हे पसंत नव्हतं. शेवळं त्यांनाही प्रिय, पण त्या बाजारातून घेत. मला म्हणाल्या, ‘अगं, ती उंदीर खाणारी माणसं. त्यांच्या हातचं निवडलेलं घरात कसं घेतेस?’ कातकरी उंदीर खातात हे खरंच आहे. भातकापणी झाली की ते बांधातली बिळं खणतात. शेतातला, भातावर पोसलेला उंदीर त्यांना मिळतो आणि त्याने बिळात साठवलेल्या लोंब्याही मिळतात. ज्याच्या कणगीत स्वतःचं धान्य नाही त्याच्यासाठी या लोंब्यांची किंमत काय असते हे आपण ओळखायला हवं. शिवाय उंदीर कमी झाले की फायदा शेतमालकाचाच. या खाण्यावरून एखाद्या जमातीला नाक मुरडणं मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही. शेजारणीला मी एवढंच म्हटलं की तुमच्या बाजारातल्या जुड्याही याच हातांनी निवडलेल्या आहेत.

बायलाही न चालणारे पदार्थ होते. एका पाडव्याला मी तिला श्रीखंड दिलं. बोटाला लावून तिने वास घेतला आणि वाटी खाली ठेवली. ‘आंबलेलं दूध गोड करून खातेस?’ तिच्या चेहऱ्यावर जी शिसारी होती ती शेजारणीच्या चेहऱ्यावरच्या शिसारीहून वेगळी नव्हती. फरक इतकाच की तिने मला त्यावरून कमी लेखलं नाही. पुढच्या वर्षी मी श्रीखंडाऐवजी पुऱ्या दिल्या.

एका भाद्रपदात तिचं येणं थांबलं म्हणून मी नवऱ्याबरोबर तिच्या वाडीवर गेले. तिला ताप होता, तो उतरत आला होता. घरात तांदूळ संपलेला. नवं भात यायला अजून अवकाश होता, आणि हे दिवस तिकडे कायम असेच जातात. सून कडूकंद कापत बसली होती. रानातला हा कंद तसाच खाल्ला तर विषासारखा. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, चुलीतल्या राखेबरोबर उकडायच्या, टोपलीत भरून ती टोपली ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली रात्रभर दाबून ठेवायची. सकाळी कडवटपणा पाण्याबरोबर गेलेला असतो. आदल्या रात्रीची टोपली नुकतीच घरात आली होती. सुनेने मिठाबरोबर चार चकत्या मला दिल्या. मऊ, जवळजवळ बेचव, आणि अगदी शेवटी जिभेच्या मुळाशी कडूची एक रेघ. बायने अंथरुणातूनच विचारलं, ‘कडू लागतंय?’ मी हो म्हटल्यावर सुनेला म्हणाली, ‘आजून एक रात ठेव.’

राखेने आणि वाहत्या पाण्याने विष उतरवायचं, आंबट फळाने घशातली बोच मारायची, ही विद्या कुणी कधी शोधली असेल? कुणाचे तरी घसे सुजले असतील, कुणी दगावलंही असेल. त्या सगळ्याची किंमत मोजून झाल्यावर ही भाजी एका जुडीच्या दराने आमच्या दारात येते आणि आम्ही तिला आमच्या ज्ञातीची खासियत म्हणतो. खासियत आमची आहेच, नारळ आणि सोडे आमचे आहेत. पण शेवळं खाता येतात ही मूळ गोष्ट आमची नाही.

महाराष्ट्रात केंद्र सरकारने ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल ठरवलं आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. खैराच्या झाडापासून कात करणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारी झालं आणि तो धंदा हातचा गेला. बायच्या वाडीतली घरं दिवाळीनंतर रिकामी होत. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो, आणि ती फेडायला आख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं. हिशेब मुकादमाच्या वहीत. मे संपताना माणसं परततात तेव्हा पुष्कळदा उचल फिटलेली नसतेच. अशा वेळी हातात येणारा पहिला रोख पैसा शेवळांचा. हे मला कळलं तेव्हा सासूबाई जुडीच्या दरात कधीच घासाघीस का करत नव्हत्या तेही कळलं. ती रीत मी पुढे चालवली.

काही वर्षांपूर्वी आमच्या ज्ञातीतल्या एका मंडळाने पाककृतींचं पुस्तक काढलं आणि माझ्याकडे शेवळांची कृती मागितली. मी लिहून दिलं: ही पद्धत माझ्या सासूबाईंची, आणि मला शिकवली ती त्यांना शेवळं आणून देणाऱ्या कातकरी बाईने. पुस्तक आलं तेव्हा वाक्य अर्ध्यावर तोडलेलं होतं. सासूबाई राहिल्या होत्या, बाय नव्हती. विचारलं तर जागा कमी होती म्हणाले. मला फार लागलं ते. सासूबाईंनाही लागलं असतं, असं मला त्यांना न पाहताही खात्रीने वाटतं.

कृती पाठवण्याआधी मी बायला विचारलं होतं की तुझं नाव घालू का. तेव्हा ती थकली होती, डोंगर चढणं सुटलं होतं, पण सुनेबरोबर एसटीने अजून यायची. ती पटकन म्हणाली, ‘कागदावर नाव नको.’ मी कारण विचारलं. म्हणाली, ‘कागदावर नाव असलं की कोनतरी पैशे मागाया येतो.’ तिचं नाव आजवर ज्या वहीत चढलं होतं त्या वहीने तिच्याकडून फक्त वसूलच केलं होतं. म्हणून इथेही तिचं नाव नाही. ज्या गोष्टीचं देणं माझ्याकडे आहे ती मात्र इथे पूर्ण लिहिली आहे, कुठेही न तोडता.

बाय गेली त्यालाही आता बरेच पावसाळे झाले. घर पाडून तिथे इमारत झाली, मागचं दार गेलं. पहिल्या पावसाळ्यात बायची सून खाली उभी होती आणि पहारेकरी तिला वर सोडत नव्हता. मी खाली जाऊन तिला घेऊन आले आणि सोसायटीच्या बैठकीत तिच्या येण्याबद्दल बोलून घेतलं. आता ती लिफ्टने चौथ्या मजल्यावर येते आणि सरळ स्वयंपाकघरात बसते. सासूसारखी ती पायरीवर थांबली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

वाटी मी तिच्यासाठीही ठेवते. या जूनमध्ये तिने ती खाल्ली, ओट्यावरची विळी ओढली आणि माझ्या निवडलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. ‘वैनी, तू लय फेकतेस. पिवला गेला की बास, त्याच्या वरचा दांडा कवला आसतो, तो कशाला टाकतेस?’ मी म्हटलं, तुझ्या सासूने मला असंच शिकवलंय. ‘सासू तुला घाबरवून शिकवली. नवी व्हतीस ना तू,’ ती म्हणाली आणि टाकलेल्यातले दांडे वेचून परत चिरायला लागली. काकडं मात्र तिने दुप्पट ठेचली. भाजी झाली, खाज आली नाही, आणि नेहमीच्या दोन जुड्यांत वाटीभर जास्त झाली.